स्वीट पी हे रब्बी पीक आहे

‘इथं काही होत नाही’ हे वाक्य यवतमाळात लहानपणापासून कानावर पडतं. नोकरी होत नाही, पाऊस होत नाही, आणि आता स्वीट पीसुद्धा होत नाही म्हणे. ‘थंड हवेचं फूल ते. विदर्भात कुठून येणार?’ या वाक्याचा मला राग आहे, आणि यावेळी तो राग फुलावरून काढायचं ठरवलं आहे.

पहिल्या वर्षी मी फोनवर फोटो बघून बिया मागवल्या. मोठ्या, झालरदार पाकळ्या. ऑक्टोबरअखेर पेरल्या. डिसेंबरात वेल गच्चीच्या कठड्याला लागले, जानेवारीत कठडा ओलांडून गेले, पण फूल एकही नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कळ्या धरल्या आणि आठ दिवसांत, पारा चाळिशीकडं सरकताच, सगळं वाळलं. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं: तुमच्याकडं ऊन फार.

ऊन मार्चात आलं. मग जानेवारीत फूल का नव्हतं?

उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. इंग्लंडात उन्हाळ्यात फुलणाऱ्या जाती साधारण १२ तासांचा दिवस झाल्याशिवाय कळी धरत नाहीत. लवकर फुलणाऱ्या हिवाळी जातींना १० तास पुरतात, मधल्या जातींना ११. यवतमाळात डिसेंबरातला सगळ्यांत लहान दिवससुद्धा ११ तासांच्या आसपास असतो, म्हणजे हिवाळी जात इथं आरामात फुलते. उन्हाळी जातीचे १२ तास मात्र मार्चात भरतात, तेव्हा खेळ आटोपलेला असतो. हे सगळं पाकिटावर एका ओळीत मावलं असतं. व्हर्जन नंबर न सांगता सॉफ्टवेअर द्यायचं आणि चाललं नाही की तुमचा लॅपटॉप खराब म्हणायचं, असा हा प्रकार.

दारव्ह्याकडं शेती करणारा मामा हे ऐकून हसला. ‘बिजाईची पिशवी वाचल्याबिगर घेतली कशी रे तू?’ त्याच्या पिशवीवर जात, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख असते. तरी २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्याच, आणि मामाला दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला गेला की पेरलं किती खोल. बी दुसऱ्याचं, दोष जमिनीचा किंवा पेरणाऱ्याचा. माझं गेलं एक पाकीट, त्याचा गेला हंगाम.

‘थंड हवेचं फूल’ हेही अर्धंच खरं. हे रोप मूळचं सिसिलीकडचं. तिथल्या फ्रान्सिस्कस कुपानी नावाच्या संन्याशानं १६९९ साली त्याच्या बिया इंग्लंडला पाठवल्या. सिसिलीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, कडक असतो. उन्हाच्या आत फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं. आपला हरभरा वेगळं काय करतो? शिवाय स्वीट पीची सख्खी चुलतबहीण, लाखोळी, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत कित्येक पिढ्या येते आहे.

तेव्हा इंग्लंडचे व्हिडिओ बंद करा आणि हरभऱ्याचं वेळापत्रक धरा. पाऊस गेला की पेरा, दसरा-दिवाळीच्या दरम्यान. नुसती काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, म्हणून निम्मी वाळू आणि शेणखत घाला. त्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते बघा. तीन-चार पानं आली की हरभऱ्यासारखाच शेंडा खुडा, फांद्या फुटतात. (खुडलेल्याची भाजी मात्र करू नका.) फुलं रोज तोडा. शेंगा धरू दिल्या की वेल फुलायचं आवरतं घेतो.

राहिला वास. १९०१ मध्ये इंग्लंडात ‘काउंटेस स्पेन्सर’ ही झालरदार जात प्रदर्शनात आली आणि सगळे मोठ्या पाकळीच्या मागे लागले. त्या नादात बऱ्याच जातींचा वास उणावला. आपणही फोटोवरूनच निवडतो, कारण फोनला नाक नाही. पण स्वीट पीचं परागीभवन बहुधा कळी उमलण्याआधी आतल्या आतच होतं, त्यामुळं घरी धरलेलं बी सहसा आईवर जातं. म्हणजे निवड आपल्या नाकानं करता येते. दुकानाला हे परवडणारं नाही, आपल्याला आहे.

दुसऱ्या वर्षी हिवाळी जात मिळवली. जानेवारीत फुलली. सकाळी कॉलवर बसायच्या आधी एकेक वेल हुंगून ज्या दोघांना सगळ्यांत जास्त वास होता त्यांना लाल दोरा बांधला, आणि फेब्रुवारीअखेर तेवढ्यांच्या शेंगा वाळू दिल्या. मामीनं त्या बघून विचारलं, ‘वाटाण्यासारखं शिजतं का हे?’ म्हणून कागदी पाकिटावर जात, महिना, साल लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत: विषारी, खाऊ नये.