कॅमेऱ्याचे तोंड कोणाकडे?

तहसील कचेरी असो, पंचायत समिती असो वा पोलीस ठाणे असो, छायाचित्रणास मनाई असल्याचा फलक अमरावती-अकोल्याच्या नागरिकास आता नवा राहिलेला नाही. शेजारीच बहुधा दुसरा फलक असतो : शासकीय कामात अडथळा आणल्यास तुरुंगवास होईल. या दुसऱ्या फलकावर कलमाचा आकडा ठळकपणे रंगविलेला असतो. पहिल्या फलकाखाली मात्र कायद्याचे नाव वा कलम सहसा आढळत नाही. ते आढळावे तरी कसे? सार्वजनिक जागेत छायाचित्र घेण्यास सरसकट बंदी करणारा कायदा या देशात अस्तित्वातच नाही.

ज्या मर्यादा कायद्याने घातल्या आहेत, त्या निश्चित आणि मोजक्या आहेत. 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाने संरक्षणविषयक ठिकाणे आणि शासनाने तशी घोषित केलेली स्थळे 'निषिद्ध' ठरविली. स्त्रीच्या खाजगी क्षणांचे चोरून चित्रण करणे 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही. या मर्यादा दुर्बलांच्या प्रतिष्ठेसाठी वा देशाच्या रक्षणासाठी आहेत, आणि त्यांविषयी समाजवादी विचाराच्या माणसाला तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती या मर्यादांची ढाल करून कारकुनाच्या मेजावरील दिरंगाई आणि ठाण्यातील दमदाटी झाकण्याच्या प्रवृत्तीविषयी.

ही प्रवृत्ती कोणत्या थराला जाते, हे शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील एका प्रकरणाने दाखवून दिले आहे. शेजाऱ्याशी झालेल्या वादाची तक्रार घेऊन एक नागरिक 2018 मध्ये वर्धा येथील पोलीस ठाण्यात गेला. तेथील संभाषणाचे त्याने मोबाइलवर चित्रण केले, म्हणून त्याच्यावर शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदविण्यात आला. गुप्तहेरांसाठी केलेला कायदा शेजारच्या भांडणातील तक्रारदारावर! ज्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात वऱ्हाडही मोडते, त्या खंडपीठाचे न्यायमूर्ती मनीष पितळे व न्यायमूर्ती वाल्मिकी मिनेझिस यांनी जुलै 2022 मध्ये हा गुन्हा रद्द केला. अधिनियमातील 'निषिद्ध ठिकाण' या संज्ञेची व्याख्या परिपूर्ण आहे आणि तीत पोलीस ठाण्याचा समावेश नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. न्याय मिळाला खरा. पण त्यासाठी चार वर्षे आणि उच्च न्यायालयाची पायरी लागली. दर्यापूरच्या शेतमजुराने वा मूर्तिजापूरच्या हमालाने ती पायरी कशाच्या बळावर चढावी?

म्हणूनच दुसऱ्या फलकाची दहशत पहिल्याहून मोठी आहे. लोकसेवकावरील हल्ल्याच्या कलम 353 ची कमाल शिक्षा महाराष्ट्राने 2018 मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 132 आले आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. परंतु जुन्या काय किंवा नव्या काय, दोन्ही कलमांना हल्ला वा बलप्रयोग अभिप्रेत आहे. हातात मोबाइल धरून शांतपणे उभा राहिलेला माणूस यांपैकी काहीही करीत नाही. तरीही त्याच्याविरुद्ध हेच कलम उच्चारले जाते, कारण खटला टिकण्याशी कोणाला कर्तव्य नसते. माणूस घाबरला की काम भागते.

आता याची दुसरी बाजू पाहावी. कॅमेऱ्याचे वावडे असलेले हेच शासन गरिबाकडे कॅमेरा रोखताना कसलाही संकोच बाळगत नाही. 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून ॲपवर चढविणे सक्तीचे झाले. छायाचित्र चढले नाही तर हजेरी बुडाली आणि हजेरीबरोबर मजुरीही. ज्या महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून कामाचा हक्क कायद्यात आणला, तेथील मजुराला आपण कामावर होतो याचा पुरावा चेहऱ्याने द्यावा लागला. 2025 च्या जुलैपासून अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या आहारासाठीही मातेच्या चेहऱ्याची ओळख पटविण्याची अट आली. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात, जेथे मोबाइलला धड संपर्क मिळत नाही, तेथील कोरकू बाईने मूठभर आहारासाठी कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे; पण त्या आहाराच्या निकृष्टतेचे चित्र तिने कचेरीत जाऊन टिपू नये, असा हा न्याय आहे! आणि 2022 च्या फौजदारी प्रक्रिया ओळख अधिनियमाने अटक झालेल्यांची छायाचित्रे व मोजमापे घेऊन ही नोंद 75 वर्षे जपण्याची तरतूद केली. सत्याग्रही त्यातून सुटणार आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

याउलट सत्तेचे स्वतःचे चित्रण लोकांपासून जपले जाते. मतदान केंद्रावरील चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज जनतेच्या तपासणीतून वगळण्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये निवडणूक नियमांत दुरुस्ती झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आणि त्यांतील चित्रण जपून ठेवण्याचा आदेश दिला. पण नेमक्या गरजेच्या वेळी ते बंद असल्याची सबब देशभर ऐकू येते. भिंतीवरचा सरकारी कॅमेरा बंद आणि नागरिकाच्या हातातील कॅमेरा गुन्हा, मग कोठडीत काय घडले हे कोणी सांगावे?

1993 मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंची वार्ता जगापुढे आली, तेव्हा शासनाची झोप मोडली. उपासमार कागदावर 'आजार' ठरते आणि दडपशाही 'किरकोळ बलप्रयोग' ठरते. चित्र हे अशा कागदाला दिलेले उत्तर असते. मात्र हे शस्त्र हाती घेणाऱ्याने त्याचा धर्मही पाळला पाहिजे. उपाशी मुलाचा चेहरा, रुग्णालयातील स्त्री, अत्याचारपीडित कुटुंब यांची चित्रे त्यांच्या संमतीवाचून गावभर फिरविणारा कार्यकर्ता शासनाचीच वृत्ती उचलतो. कॅमेरा अधिकाऱ्याच्या कृतीकडे असावा, पीडिताच्या असहायतेकडे नव्हे.

मागण्या स्पष्ट आहेत. कार्यालयांच्या जनतेसाठी खुल्या भागात शांतपणे केलेले चित्रण हा गुन्हा नाही, असा निर्णय राज्य शासनाने काढून प्रत्येक तहसील कचेरीत लावावा. ज्या मनाईस कायद्याचा आधार नाही, असे फलक उतरवावेत. ठाण्यातील चित्रण पीडितास ठराविक मुदतीत मिळावे. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2006 मध्येच शासकीय गुपिते अधिनियम रद्द करण्याची शिफारस केली होती. ती धूळ खात पडली आहे, तिचा पाठपुरावा व्हावा.

तोवर शाखाशाखांतील कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक मनाई-फलकाचा कायदेशीर आधार माहितीच्या अधिकाराखाली लेखी विचारावा आणि आलेले उत्तर, किंवा उत्तर न आल्याची नोंद, ग्रामसभेत वाचून दाखवावी. 1930 मध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करणाऱ्यांनी अन्याय्य कायदा मोडला होता. आज तर मोडायला कायदाही नाही; मोडायची आहे ती केवळ फलकाची भीती.