भांडणालाही परभाषा?

खान्देशात आखाजी आली की सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यावरच्या गाण्यांतून सासूचा जाच, नणंदेचे टोमणे, नवऱ्याचा दुरावा असे सारे गाऱ्हाणे चारचौघींत मांडले जाते. लेकीबाळींनी मन मोकळे करावे यासाठी समाजाने वर्षातले काही दिवस राखून ठेवले होते. 'कम्युनिकेशन' हा शब्द जामनेरच्या वेशीवर पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था आहे.

आज त्याच घरांतली शिकलेली मुले घरातल्या भांडणाविषयी बोलू लागली की मराठी अचानक थांबते. सासर 'टॉक्सिक' असते, नवऱ्याला 'स्पेस' हवी असते, आईला 'बाउंड्री' कळत नाही आणि वडिलांच्या बोलण्याने मुलगा 'ट्रिगर' होतो. ज्या आईविषयी हे बोलले जाते, तिला यातले अक्षरही कळत नाही. दोघांतला दुरावा मिटवण्यासाठी वापरलेली भाषाच दोघांपैकी एकाला येत नसेल, तर तो संवाद म्हणायचा की निकालपत्राचे वाचन?

या शब्दांचे मूळ पाहावे. 'गॅसलायटिंग' हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या 1938 सालच्या इंग्रजी नाटकावरून आला. 2022 मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. ऑक्सफर्डने 2018 मध्ये हाच मान 'टॉक्सिक'ला दिला होता. कोशकारांनी त्यांच्या समाजाची नोंद घेतली, यात गैर काही नाही. परंतु धडधाकट माणसाला त्याच्याच शहाणपणाविषयी शंका घ्यायला लावणे, याला मराठी माणूस 'वेड्यात काढणे' म्हणत आला आहे. तोंडातला शब्द टाकून नाटकाच्या नावावरून आलेला शब्द उसना घेण्याची ही कोणती हौस?

प्रश्न केवळ हौसेचा नाही. मराठीत घरातल्या बेबनावाची एक उतरंड आहे. कुरबुर वेगळी, धुसफूस वेगळी. रुसवा वेगळा, अबोला वेगळा. टोमणा वेगळा, जाच वेगळा आणि छळ तर अगदीच वेगळा. प्रत्येक शब्दासोबत त्याचा उपायही सांगितलेला असतो. रुसव्याला मनधरणी, अबोल्याला मध्यस्थी, अढीला दिलजमाई आणि छळाला पोलीस ठाणे. 'टॉक्सिक' या एका शब्दात ही सारी उतरंड सपाट होते. मग साध्या कुरबुरीवरून संसार मोडतो आणि खरा छळ सोसणारीची व्यथाही त्याच गर्दीत हरवते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेशी केलेली क्रूरता हा गुन्हा आहे. ठाणे अंमलदारासमोर जबाब देताना काय घडले, कोणी केले, किती दिवस चालले हेच सांगावे लागते. 'टॉक्सिक' म्हणून तेथे भागत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. मराठी घरांनी 'भांड्याला भांडे लागायचेच' असे म्हणत किती अन्याय झाकले, असे विचारले जाईल. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण तो दोष भाषेचा नव्हे, भित्रेपणाचा आहे. छळाला कुरबुर म्हणणे हे पाप, तसेच कुरबुरीला छळ म्हणणे हेही पाप. दोन्हींवर औषध एकच, नेमका शब्द.

महाराष्ट्र शासनाने 2007 मध्ये गावोगावचे वाद मिटवण्याची मोहीम काढली, तेव्हा तिचे नाव 'तंटामुक्त गाव' ठेवले. खेड्यातल्या शेवटच्या माणसालाही ते कळले. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, तरी माहेर, सासर आणि माणसाचे मन यांविषयी त्यांनी आपल्या बोलीत जे सांगितले ते विद्वानांनाही अंतर्मुख करून गेले. 2018 पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या मातीतल्या तरुणांना मनातले सांगायला मराठी अपुरी पडते, यावर कोण विश्वास ठेवील?

नवा शब्द लागला तर घडवावा. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' हे शब्द दिले, तेव्हा त्यांचीही टिंगल झाली. आज ते शब्द सरकारी कागदावर आहेत. 'समुपदेशन' असेच रुळले. 'स्पेस'साठी तर नवा शब्दही नको, 'मोकळीक' आहेच.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद रास्तच आहे. परंतु भाषेचा दर्जा अखेर घराच्या उंबऱ्याआत ठरतो. जामनेरच्या सुनेने सासूला 'तुमचे हे बोलणे मला लागले' एवढे सरळ सांगावे आणि सासूने ते ऐकून घ्यावे. या एका वाक्याने जी गाठ सुटेल, ती दहा उसन्या शब्दांनी सुटणार नाही.