तंजावूरचे मैदान आणि बिनपगारी कार्यकर्ता

ऑक्टोबर २०२५ मध्ये बहरीन येथे झालेल्या आशियाई युवा क्रीडास्पर्धांत कबड्डीच्या मुलांच्या व मुलींच्या अशा दोन्ही गटांत भारताने इराणला हरवून सुवर्णपदके मिळवली. मुलींच्या संघातील कार्तिका ही चेन्नईच्या कण्णगी नगर या पुनर्वसन वसाहतीतील, तर मुलांच्या संघातील अभिनेश हा वडुवूरचा. तंजावूर-मन्नारगुडी रस्त्यावरील हे गाव आज तिरुवारूर जिल्ह्यात मोडत असले तरी ते जुन्या तंजावूर जिल्ह्यातलेच. तामिळनाडू सरकारने दोघांना प्रत्येकी २५ लाख रुपये दिले, हे योग्यच झाले. परंतु ज्यांच्या श्रमांवर असे खेळाडू उभे राहतात, त्यांची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडत नाही.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सांबा भाताची कापणी आणि पोंगल यांच्या सुमारास गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. मराठी वाचकाच्या ओळखीचा हुतूतू तो तेथला सडुगुडू. जमीन चोपून सपाट करणे, चुन्याच्या रेघा आखणे, दिव्यांसाठी वर्गणी जमवणे, परगावच्या संघांची जेवणाची व्यवस्था पाहणे, आणि मुख्य म्हणजे वर्षभर संध्याकाळी मुलांकडून सराव करून घेणे, ही सारी कामे गावातले तरुण करतात. कोणी शेतमजूर असतो, कोणी वाहनचालक, कोणी एकेकाळी जिल्हा संघातून खेळलेला. त्यांना पगार नाही, पद नाही. ‘स्वयंसेवक’ हा साधा शब्द मराठीत एका विशिष्ट संघटनेने जवळजवळ बळकावला आहे, म्हणून त्यांना कार्यकर्ते म्हणणेच अधिक बरे.

या कार्यकर्त्यांच्या हाती केवळ खेळ नसतो. मैदानात कोणाला घ्यायचे, याचा निर्णयही त्यांच्याच हाती असतो. कबड्डी हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. घोटा धरल्याशिवाय, कमरेला मिठी घातल्याशिवाय चढाई करणारा गडी बाद होत नाही. अस्पृश्यता पाळून हा खेळ खेळताच येत नाही. म्हणूनच जातवर्चस्वाला तो रुचत नाही, आणि जेथे वर्चस्व शाबूत असते तेथे प्रत्येक वस्तीचा संघ वेगळा राहतो.

तंजावूरच्या मातीत हा प्रश्न नवा नाही. १९४३ पासून कॉम्रेड बी. श्रीनिवास राव यांनी येथील दलित शेतमजुरांना संघटित केले. मातृभाषा कन्नड असलेल्या या कार्यकर्त्याने तामिळ खेड्यांत आयुष्य वेचले. मजुराला चाबकाने फोडून काढणे, शेणाचे पाणी पाजणे या मिरासदारी शिक्षा संघटनेच्या बळावरच बंद पडल्या. मजुरीवाढीच्या लढ्याची किंमत २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी येथे ४४ दलितांनी प्राणांनी मोजली. त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले होती. १९७३ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपी जमीनदारांना निर्दोष सोडले.

आणि हा इतिहास केवळ इतिहास राहिलेला नाही. त्याच तामिळनाडूत, दक्षिणेकडील तूत्तुकुडी जिल्ह्यात, मार्च २०२५ मध्ये अकरावीच्या परीक्षेला निघालेल्या एका दलित विद्यार्थ्याला बसमधून खाली खेचून त्याची बोटे तोडण्यात आली. कबड्डीच्या सामन्यात मिळवलेला विजय सहन न झाल्यामुळे हा हल्ला झाला, असे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. मैदानावर समान झालेला मुलगा मैदानाबाहेरही समान राहील, ही भीतीच सरंजामी मनोवृत्तीला हिंस्र बनवते.

राज्य सरकारने २०२४ मध्ये ग्रामपंचायतींना क्रीडासाहित्य वाटण्याची योजना हाती घेतली. तिचे स्वागत केले पाहिजे. पण साहित्याने प्रशिक्षक मिळत नाही. दरम्यान वरच्या पातळीवरील कबड्डी मातीवरून मॅटवर गेली, पायांत बूट आले, आणि २०१४ पासून व्यावसायिक लीगने तिचा बाजार मांडला. मातीवर अनवाणी वाढलेला मजुराचा मुलगा निवड चाचणीत प्रथमच मॅटवर पाय ठेवतो व घसरतो. भांडवलदारांना तयार खेळाडू हवा असतो. तो घडवण्याचा खर्च मात्र गावाच्या वर्गणीवर सोडून दिलेला असतो. अशा वेळी सेवाभावाची स्तुती म्हणजे सरकारने अंग काढून घेण्याची सोय ठरते.

महाराष्ट्राने याचा दुसरा टप्पा पाहिला आहे. लालबाग-परळची कबड्डी मंडळे चाळींतील कामगारांनी पाळी संपल्यावर चालवली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि मंडळांमागचा कामगारवर्ग उपनगरांत विखुरला. मंडळे टिकली, पण अनेकांना आधार लागला तो स्थानिक पुढाऱ्यांच्या थैलीचा.

डाव्या जनसंघटनांनी मोर्चे व सभा यांत तरुणांना आणले. मैदान मात्र बहुतेक ठिकाणी दुय्यम मानले. संघाच्या शाखेत मुलाला प्रथम खेळायलाच बोलावतात, विचार मागाहून येतो, हे माहीत असूनही ही उपेक्षा घडली. पंचायतीच्या दप्तरात मैदानाची सार्वजनिक जमीन म्हणून नोंद, सर्व वस्त्यांचा मिळून एकच संघ, तालुक्याला एक मॅट आणि सराव घेणाऱ्याला मानधन या मागण्या शेतमजुरांच्या मजुरीच्या मागणीइतक्याच गांभीर्याने मांडाव्या लागतील. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे: दिव्यांच्या उजेडात सराव संपल्यावर त्यांना घरी पोचवणार कोण, हे जेथे ठरलेले नसते तेथे मुलींचा संघच उभा राहत नाही.