फोटोच्या पाठीमागे

गेल्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी थोरल्या बहिणीकडे अमेरिकेला जाऊन आले. ताईचं घर मिलवॉकीला, मिशिगन सरोवराच्या काठी. तिकडच्या दुकानांच्या अन् यंत्रांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, त्या मी सांगत नाही. सांगायचंय ते ताईच्या शेजारच्या आजींच्या घरातल्या एका पत्र्याच्या डब्याबद्दल.

आजी पंच्याऐंशीच्या, एकट्याच राहतात. एका दुपारी मी त्यांना पुरणपोळी द्यायला गेले, तर टेबलावर जुने फोटो पसरलेले. "ये, बस. ही माझी ओमा," त्या म्हणाल्या. जर्मन भाषेत आजीला ओमा म्हणतात.

ही ओमा 1906 साली, अठराव्या वर्षी पोमेरेनियातून आली. तो मुलूख आता बराचसा पोलंडमध्ये आहे. ब्रेमरहाफेन बंदरातून बोटीनं न्यूयॉर्क, तिथे एलिस बेटावर तपासणी, मग आगगाडीनं मिलवॉकी. या शहरात तेव्हा जर्मन इतके, की त्याला 'जर्मन अथेन्स' म्हणत. वर्तमानपत्रं जर्मन, नाटकं जर्मन, चर्चमधलं प्रवचनही जर्मन.

लग्नाचा फोटो 1909 चा. बघते तर काय, नवरीच्या अंगावर काळा झगा! मी मनात म्हटलं, अगंबाई, लग्नात काळं? आजी हसल्या. त्यांच्या खेड्यांत तशीच पद्धत होती. काळा झगा पुढे कितीतरी वर्षं चर्चला नेसता येई. पांढरा एकदाच घालून पेटीत कोण ठेवणार? म्हटलं, संसार करणाऱ्या बाईचा हिशेब कुठेही गेलं तरी सारखाच.

दुसऱ्या फोटोत ओमा मागच्या दारी, शेजारी चिनी मातीची मोठी बरणी. तिच्यात आंबवलेला कोबी, म्हणजे सावरक्राउट. कोबी बारीक चिरायचा, किलोला वीस-पंचवीस ग्रॅम मीठ लावून चोळायचा, पाणी सुटलं की बरणीत दाबून भरायचा आणि वर वजन ठेवायचं. कोबी त्या पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे. दोन-चार आठवड्यांत छान आंबतो. आपल्या लोणच्याचीच ही बहीण, फक्त तेल-मसाला नाही.

मग आजींनी डब्याच्या तळातून एक छोटा फोटो काढला. ओमा एकटी, समोर बघणारी. ना टोपी, ना दागिना, ना मांडीवर मूल. तीस वर्षांची असेल. "हा मी आई गेल्यावर पहिल्यांदा पाहिला," आजी म्हणाल्या. "हा पोलिसांसाठी काढलेला आहे."

झालं होतं असं. एप्रिल 1917 मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि कालपर्यंतचे शेजारी एका रात्रीत शत्रू झाले. मिलवॉकीतल्या जर्मेनिया इमारतीवरचा पुतळा उतरवला, इमारतीचं नावही बदललं. सावरक्राउटला 'लिबर्टी कॅबेज' म्हणू लागले, म्हणजे स्वातंत्र्य-कोबी! जून 1918 मध्ये हुकूम निघाला, की नागरिक नसलेल्या जर्मन बायकांनी चार फोटो घेऊन नोंदणीला यावं, बोटांचे ठसे द्यावेत आणि मिळेल ते कार्ड सदैव जवळ बाळगावं.

ओमाचा नवरा कातडी कमावण्याच्या कारखान्यात कामाला. नागरिकत्वाचे पहिले कागद त्याने केले होते, पुढचे राहून गेले. आणि बायकोचं नागरिकत्व तेव्हा नवऱ्याच्या मागून जाई. अमेरिकेत जन्मलेल्या, पण जर्मन माणसाशी लग्न केलेल्या बाईलासुद्धा ठसे द्यावे लागले. 1922 च्या कायद्याने हे पुष्कळसं बदललं. कागद नवऱ्याने अर्धे ठेवले, शाई मात्र हिच्या बोटांना लागली.

त्या दिवसापासून ओमा मुलांशी जर्मन बोलेनाशी झाली. आजींच्या आईला ती भाषा कळे, पण बोलता येत नसे. आजींना तर प्रार्थनेचे चार शब्द येतात, तेवढेच. नेब्रास्का राज्यात तर आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायलाच कायद्याने बंदी होती. एका शिक्षकाला दंड झाला आणि 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. पण कोर्टाचा निकाल आला म्हणून स्वयंपाकघरात बंद पडलेली भाषा पुन्हा सुरू होते थोडीच?

खरी गंमत पुढेच आहे. सगळ्या फोटोंच्या पाठीमागे ओमाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं. पण जर्मन, आणि तेही जुन्या वळणाच्या लिपीत! आपल्याकडे मोडीचे कागद घरात असतात अन् वाचणारं कोणी नसतं, तसं. "ओमा गेली तेव्हा मी पंचविशीची होते," आजी म्हणाल्या. "विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी विचारलंच नाही."

ताईने चौकशी करून ती लिपी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ शोधून काढले. आम्ही तिघी गेलो. लग्नाच्या फोटोमागे झग्याच्या कापडाचा भाव निघाला. छोट्या फोटोमागे दोनच ओळी. "त्यांना चार हवे होते. मी पाच काढून घेतले, एक माझा."

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि त्याखाली इंग्रजीत तेच लिहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असे फोटो असतीलच. या सुट्टीत एवढं करा. जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहा. बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतो. मागची बाजू गुळगुळीत असेल तर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा वेगळ्या कागदावर लिहून तो पाकिटात बरोबर ठेवा. फोटो डिंकाने चिकटवू नका. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो सहज निघत असतील तरच काढा, ओढू नका. डबा माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीपाशी नको, कपड्यांच्या कपाटात बरा.

घरी आल्यावर मीही सासूबाईंची ट्रंक उघडली. एका फोटोत नऊवारीतल्या पाच जणी ओळीने बसलेल्या. सासूबाईंनी तिघींची नावं सांगितली. दोघींपाशी अडल्या. म्हणाल्या, "आत्याबाईंना ठाऊक असेल बघ."

आत्याबाई नव्वदीच्या आहेत. रविवारी आम्ही दोघी त्यांच्याकडे निघालोय, फोटो आणि पेन्सिल बरोबर घेऊन.