श्रद्धेच्या आडचा दगड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. त्याला झेंडा म्हणतात. झेंड्याची पूजा होते, नवस बोलले जातात, आणि मग पांढुर्णा व सावरगाव अशा दोन काठांवरून माणसे एकमेकांवर दगड फेकू लागतात. चंडीमातेचा जयजयकार चालू असतो आणि डोकी फुटत असतात. कुणीतरी कुऱ्हाड घेऊन झेंड्यापर्यंत पोचतो, तो तोडतो, झेंडा चंडीच्या देवळात जातो, तेव्हा ही दगडफेक, म्हणजे गोटमार, थांबते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. १९५५पासून डझनभराहून अधिक जीव गेले आहेत.

याच्यामागची जी कथा घरोघरी सांगतात, ती नीट ऐका. पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची एक मुलगी यांचे प्रेम जडले. दोघे पळून निघाले आणि नदीच्या मधोमध सापडले. दोन्ही काठांवरून दगड आले, दोघेही मेले. मग दोन्ही गावे शरमली. त्यांनी ती प्रेते चंडीमातेच्या पायाशी नेली आणि मगच अंत्यसंस्कार केले. या कथेला इतिहासाचा पुरावा नाही. पण आपणच आपल्याबद्दल सांगत आलेली ही कबुली आहे: दोन निरपराध जीव आपल्या पूर्वजांनी मारले आणि नंतर त्यांना पश्चात्ताप झाला. त्यातला पश्चात्ताप आपण टाकून दिला आणि दगड तेवढा उचलून धरला. खुनाची दरवर्षी उजळणी करायची आणि तिला त्या दोघांचे स्मरण म्हणायचे, हे पहिले ढोंग.

दुसरे ढोंग घरात आहे. ज्या घरात त्या दोघांच्या नावाने हात जोडले जातात, त्याच घरातल्या मुलीने परजातीतला मुलगा पसंत केला तर काय होते? तिचा फोन काढून घेतात, कॉलेज बंद करतात, पंधरा दिवसांत भलत्याच ठिकाणी तिचे लग्न लावतात. तरीही ती गेलीच, तर ‘आमच्यासाठी मेली’ म्हणून दार लावतात. मेलेल्या प्रेमिकांना देवत्व आणि जिवंत प्रेमिकांना वनवास! आज दोन्ही काठ एकाच शहराचे झाले आहेत, त्यांच्यात सोयरिकी होतात, वैर उरलेले नाही. उरली आहे ती फक्त पोरीच्या मनाविरुद्धची सक्ती, आणि ती वर्षभर चालते.

तिसरे ढोंग प्रतिष्ठितांचे. गच्चीवरून गोटमार पाहणाऱ्यांनी सांगावे, तुमचा मुलगा आज कुठे आहे? तुम्ही त्याला पात्रात उतरू दिले असते का? ज्या परंपरेसाठी आपल्या पोराचे डोके द्यायची तयारी नाही, तिच्यासाठी दुसऱ्याच्या पोराला चेतवणे ही फसवणूक आहे. आणि शासन? ते मनाई आदेश काढते, गोफणीवर बंदी घालते, शेजारीच रुग्णवाहिका आणि डॉक्टर उभे करते. डोकी फुटणार हे त्याला ठाऊक असते. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि दगडच उडाले. तेव्हापासून सारे ‘आस्थेचा प्रश्न आहे’ म्हणून हात झटकतात.

आस्थेची परीक्षा सोपी आहे. खरी श्रद्धा माणसाकडून त्याचे स्वतःचे काहीतरी मागते: आळस, लोभ, अहंकार. जी दुसऱ्याचे रक्त मागते, ती गर्दीची नशा असते. जोश आणि भक्ती यांतला हा फरक आपल्या मुलांना कोणी शिकवलाच नाही.

परंपरा मोडता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आजूबाजूला पाहावे. शेजारच्या अमरावती मुलखात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवापुढचे पशुबळी थांबवण्यासाठी गावोगाव कीर्तने केली. देव कुठे गेला नाही. बगाडाला पूर्वी पाठीत लोखंडी गळ टोचून माणूस टांगत. आता बावधनला त्याला दोरीने बांधतात, तरी भैरवनाथाची यात्रा भरतेच. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी नागपूरकर मारबत काढतात आणि वाईटाचा पुतळा जाळतात, माणूस नव्हे.

पांढुर्णा-सौंसरच्या बंधुभगिनींनो, २०२३ साली तुम्हाला स्वतंत्र जिल्हा मिळाला. २०१८च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घराण्याची वा जातपंचायतीची संमती लागत नाही. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असेही त्याच निकालात सांगितले. तुमच्या जिल्ह्यात तो कुठे आहे, त्याचा फोन नंबर काय, हे जिल्हाधिकाऱ्यांना जाऊन विचारा. त्याचा फलक बसस्थानकावर आणि कॉलेजात लावायला लावा. पळसाचा झेंडा जरूर रोवा, चंडीमातेची पूजा करा, पण दगड खाली ठेवा. दोन्ही काठांच्या जाणत्यांनी त्या दिवशी एकत्र बसून ठराव करावा: आमच्या घरातल्या मुलामुलींवर लग्नाची सक्ती होणार नाही आणि मनाने लग्न करणाऱ्यांना घराचे दार बंद होणार नाही. हे करत नाही, तोवर त्या दोघांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.