झडीच्या दिवसांत रोपांना ट्यूबलाइट

प्रो-ट्रेमध्ये कोकोपीटवर टाकलेले टोमॅटोचे बी चार ते सहा दिवसांत उगवते. मिरचीला सात ते दहा दिवस लागतात. कोंब वर येताना बाकदार असतो. उजेड लागला की तो सरळ होतो, दोन्ही बीजपत्रे उघडतात आणि त्यांच्याखालच्या देठाची वाढ मंदावते. उजेड कमी पडला तर हा देठ उंचच उंच वाढत राहतो. दोन-तीन दिवसांत तो बोटभर लांब आणि पांढुरका होतो आणि झारीच्या पाण्याने आडवा पडतो. एकदा ताणलेला देठ पुन्हा आखूड होत नाही. अशी लांबुडकी रोपे मर रोगाला आधी बळी पडतात, वाहतुकीत मोडतात, आणि शेतकरी ती ट्रेसकट परत करतो.

वाशिम जिल्ह्यात खरिपाच्या मिरची, टोमॅटो, वांग्याची बरीचशी रोपे जून-जुलैत तयार होतात आणि याच काळात झड लागते. उजेड खरोखर किती कमी होतो, हे आकड्यांत पाहिलेले बरे. प्रकाशसंश्लेषणाला लागणारा ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मोजण्याचे एकक मोल आहे. एका चौरस मीटरवर दिवसभरात असे किती मोल पडले, यावर रोपाची वाढ ठरते. वाशिमच्या अक्षांशावर मे महिन्यातल्या निरभ्र दिवशी हा आकडा पन्नासच्या आसपास जातो. ढगाळ-उघडीप मिळून जुलैची सरासरीही साधारण तीस निघते. फळभाज्यांच्या रोपांना दिवसाला दहा ते बारा मोल पुरतात. म्हणजे एकूण पावसाळ्यात प्रकाशाचा दुष्काळ नसतो. तो पडतो झडीच्या सलग चार-सहा दिवसांत. तेव्हा उघड्यावरच जेमतेम दहा-बारा मोल पडतात, ५० टक्के सावलीच्या जाळीखाली त्याचे निम्मे होतात, आणि जाळीखाली धुळकट पॉलिथिनचा बोगदा असेल तर रोपापर्यंत चार-पाचच मोल पोहोचतात. नेमक्या त्याच दिवसांत उगवणीसाठी रचलेली ट्रेची चळत उघडली, तर ती खेप वाया जाते.

अशा वेळी दिवे विकत घेण्याआधी फुकटचा उजेड वापरून घ्यावा. झडीत जाळी गुंडाळून ठेवली तर रोपांवरचा उजेड लगेच दुप्पट होतो. पॉलिथिन मात्र काढू नये, कारण मुसळधार सरीने कोकोपीट ट्रेमधून उडते. ते आतून-बाहेरून धुवावे. कायमची ५० टक्क्यांची जाळी बसवण्यापेक्षा दोरीने सरकणारी जाळी केव्हाही सरस. दुसरी चूक चळतीची. उगवणीसाठी ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकखाली झाकतात, ते योग्यच आहे. पण शंभर खणांपैकी पाच-सात खणांत बाक दिसू लागले की त्याच सकाळी ट्रे मांडायला हवेत. “सगळे उगवू दे, मग पसरू” म्हणून आणखी एक दिवस थांबले की अंधारातच देठ ताणलेले असतात, आणि पुढे कितीही उजेड दिला तरी उपयोग होत नाही. झडीवर फोडलेले कितीतरी खापर खरे तर या एका दिवसाचे असते.

एवढे करूनही पेरणीच्या तारखा पुढे ढकलता येत नसतील, तर घरात दिव्याखाली रोपे वाढवण्याचा विचार करावा. या विषयावरची बहुतेक माहिती थंड देशांतून आलेली आहे. तिथे ५० अंश उत्तरेला डिसेंबरात उघड्यावरही दिवसाला दोन ते पाच मोलच मिळतात आणि बाहेर बर्फ असतो. त्यामुळे रोप महिना-दीड महिना दिव्याखालीच राहते. वाशिम २० अंशांवर आहे. इथे डिसेंबरचा दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो आणि निरभ्र आकाशातून तीस-पस्तीस मोल मिळतात. हिवाळ्यात कलिंगडाचे बी रखडते ते रात्रीच्या थंडीने. त्याला दिव्याची नव्हे, उबेची गरज असते. म्हणून परदेशी वेळापत्रक जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. वाशिमच्या रोपवाटिकेला दिवे लागतात ते पावसाळ्यात, आणि तेही उगवणीनंतरच्या पहिल्या आठवड्यापुरते.

त्यासाठी खास दिवे घेण्याची गरज नाही. साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरते. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चीप असते आणि तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्यातल्या काही प्रकाशाचे पिवळ्या-तांबड्यात रूपांतर करतो. ही निळी एलईडी घडवणारे इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी घाऊक खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, आणि खुल्या बाजारातले भावही त्याबरोबर उतरले. आज कारंजा किंवा रिसोडच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात चार फुटी, २० वॅटची ट्यूब दोन-अडीचशे रुपयांच्या आसपास मिळते.

दुकानात सहज मिळणारी ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र ट्यूब रोपांसाठीही उत्तम. तिच्या प्रकाशाचा साधारण चौथा हिस्सा निळा असतो, आणि निळ्या प्रकाशाने देठ आखूड व जाड राहतो. पिवळसर, ३००० केल्विनच्या ट्यूबमध्ये निळा भाग बराच कमी असल्याने रोपे थोडी उंचावतात. जांभळट-गुलाबी ‘ग्रो लाइट’ मात्र या कामासाठी घेऊ नयेत. वनस्पती तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषतात हे खरे असले, तरी हिरवा-पिवळा प्रकाशही त्यांच्या कामी येतो. शिवाय खोक्यावरचे वॅट आणि प्रत्यक्षात खेचलेले वॅट यांचा स्वस्त मालात मेळ नसतो. सगळ्यात मोठी अडचण माणसाची आहे: जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले की काळपट झाले, हे डोळ्यांना कळतच नाही. ज्याला रोज सकाळी रोप पाहून निर्णय घ्यायचा आहे, त्याने तो दिवा टाळलेलाच बरा.

ट्यूब किती लावाव्यात, इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. चार बाय दोन फुटांच्या फळीवर नेहमीच्या मापाचे चार प्रो-ट्रे बसतात, म्हणजे ९८ खणांचे ट्रे असतील तर ३९२ रोपे. फळीचे क्षेत्रफळ ०.७४ चौरस मीटर भरते. वॅटमागे शंभर ल्युमेन देणारी २० वॅटची ट्यूब सेकंदाला सुमारे २८ मायक्रोमोल (मायक्रोमोल म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग) प्रकाश फेकते. अशा सहा ट्यूब शेजारी शेजारी लावून फळीच्या तीन बाजू पांढऱ्या थर्मोकोलने बंद केल्या, तर त्यातला ८० टक्के प्रकाश रोपांवर पडतो असे धरता येते. तो चौरस मीटरला सेकंदाला सुमारे १८० मायक्रोमोल होतो, आणि सोळा तासांत साधारण साडेदहा मोल. चार ट्यूबवर भागवले तर सातेक मोल मिळतात. आठवडाभरासाठी तेही चालतात. दोन ट्यूबमध्ये मात्र काहीच साधत नाही.

दोन ट्यूबची कल्पना बहुधा ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांवरून आलेली असते. अशा प्रयोगशाळांत बाटल्यांच्या मांडणीवर एक-दोन ट्यूब सोळा तास जळतात आणि रोपे हिरवीगार दिसतात. पण बाटलीतल्या माध्यमात लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर घातलेली असते. ते रोप साखरेवर जगते. कोकोपीटमधल्या रोपाला आपले अन्न प्रकाशातूनच करावे लागते.

ट्यूब आणि शेंडा यांत सहा ते नऊ इंच अंतर राहील अशी चौकट साखळीने टांगावी, म्हणजे रोप वाढेल तशी ती वर घेता येते. कोपऱ्यांतला उजेड मध्यापेक्षा कमी असतो, म्हणून ट्रेच्या जागा रोज बदलाव्यात. मायक्रोमोल मोजणारे महागडे मीटर नसले तरी लक्समीटर चालते. पांढऱ्या एलईडीसाठी सुमारे ७० लक्सला एक मायक्रोमोल असा हिशेब धरावा, म्हणजे ट्रेच्या पातळीवर तेरा हजार लक्सच्या जवळपास आकडा दिसायला हवा. मोबाइलवरचे ॲप एकाच फळीच्या दोन कोपऱ्यांची तुलना करायला ठीक. खरा आकडा त्याला विचारू नये.

आता खर्च. सहा ट्यूब बाराशे ते पंधराशे रुपयांच्या. लोखंडी पट्ट्यांचे रॅक, वायर, टायमर धरून एक मजला चार हजारांच्या आत उभा राहतो. खरा खर्च विजेचा. १२० वॅट सोळा तास म्हणजे दिवसाला १.९२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर एका फळीचे सात दिवसांचे १३४ रुपये, म्हणजे रोपामागे ३४ पैसे. हेच रोप पंचवीस दिवस दिव्याखाली ठेवले तर रोपामागे सव्वा रुपयाची वीज जळते, आणि साध्या मिरची-वांग्याच्या रोपाचा सगळा नफा त्यात जातो. म्हणून दिव्याची फळी झडीपुरती ठेवावी आणि तिच्यावर महाग संकरित बी, पपई किंवा कलमी टोमॅटो-वांगी यांनाच जागा द्यावी. कलमाचा जोड बसेपर्यंत पहिले काही दिवस दमट हवा आणि मंद उजेड लागतो; घरातल्या फळीवर हे दोन्ही शेडनेटपेक्षा सहज साधते. मात्र तेव्हा दोनच ट्यूब लावून पुढे त्या वाढवत न्याव्यात. गावरान वांग्याच्या रोपांसाठी हा खटाटोप करू नये. त्यांचे चार ट्रे जास्तीचे पेरणे स्वस्त पडते.

रॅक शेतातल्या शेडमध्ये ठेवावे की घरी, हे फीडर ठरवतो. शेतीपंपांच्या फीडरवर वीज पाळीपाळीने आठ-दहा तास येते, कधी दिवसा तर कधी रात्री. गावठाण फीडरवर ती बहुतेक वेळ असते, म्हणून रॅक गावातल्या घरी असलेले बरे. मध्ये दोन-तीन तास वीज गेली तरी रोपांचे बिघडत नाही. तेवढे तास नंतर भरून काढावेत. त्यासाठी इन्व्हर्टरवर भार टाकू नये. रोपवाटिका हा व्यवसाय असेल तर महावितरणच्या दरपत्रकात तो ‘कृषी-इतर’ वर्गात बसतो. जोडणी कोणत्या वर्गात आहे, हे बिलावर एकदा पाहून घ्यावे.

पाणी आणि वीज एकाच फळीवर असल्याने जोडणीत काटकसर नको. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), रॅकच्या लोखंडाला अर्थिंग आणि वायरचे सगळे जोड ट्रेच्या वरच्या पातळीला, एवढे हवेच. उजेड वाढावा म्हणून काही जण ट्यूबचे किंवा बल्बचे दुधी आवरण काढतात. स्वस्त एलईडीत आतली पट्टी थेट मुख्य विजेच्या संपर्कात असू शकते. ओल्या हाताने तिला स्पर्श झाला तर प्राणावर बेतते. पाणी झारीने न देता ट्रे तसराळ्यात ठेवून खालून द्यावे, म्हणजे ट्यूबही कोरड्या राहतात आणि मरही आटोक्यात राहतो.

दिवे सोळा तास चालू आणि आठ तास बंद ठेवावेत. अखंड चोवीस तास उजेड दिला तर टोमॅटोची पाने पिवळी पडून डागाळतात. कांद्याचे रोप मात्र या फळीवर ठेवूच नये. महाराष्ट्रातले कांद्याचे वाण अकरा-बारा तासांच्या दिवसावर गाठ धरणारे आहेत; सोळा तासांच्या उजेडात रोपातच गाठी धरण्याचा धोका असतो. ड्रॅगन फ्रूटच्या बागेत बिगरहंगामी फुलांसाठी रात्री बल्ब लावतात, तेही दिवसाची लांबी फसवण्यासाठीच. तिथे मंद उजेड पुरतो, कारण तो फक्त संकेत असतो. रोपाला दिव्यातून अन्न करायचे असेल तर वॅटच लागतात, हा फरक दिवे विकणारे सहसा सांगत नाहीत.

एलईडीने खेचलेली वीज शेवटी उष्णताच होते. पावसाळ्यात एका-दोन फळ्यांनी खोलीचे तापमान फारसे वाढत नाही. मे महिन्यात मात्र बंद खोलीत ती उष्णता जाणवते, आणि कूलर लावला तर ओलसर हवेने बुरशीला आमंत्रण मिळते. मेमध्ये फळी लावायचीच असेल तर दिवे रात्री चालवावेत. टेबल फॅन मंद गतीने फिरता ठेवावा. वाऱ्याने हलणारे रोप आखूड आणि जाड होते, शिवाय कोकोपीटचा वरचा थर सुकून चिलटे कमी होतात.

पहिले खरे पान फुटले आणि झड ओसरली की रोपे शेडनेटमध्ये न्यावीत. दिव्याखालच्या पानाची त्वचा पातळ असते. १८० मायक्रोमोलची सवय असलेल्या रोपावर उघडिपीचे दोन हजार मायक्रोमोलचे ऊन पडले तर दुपारपर्यंत पाने पांढरी भाजतात. म्हणून पहिले दोन दिवस दुहेरी जाळीखाली, मग एकेरी ५० टक्के जाळीखाली, आणि लागवडीच्या आधी चार-पाच दिवस पाणी थोडे तोडून सकाळच्या उघड्या उन्हात, असा क्रम ठेवावा. रोपे हलवण्यासाठी ढगाळ दुपार निवडावी. दुसऱ्या दिवशी ऊन पडलेच, तर अकराच्या आत जाळी ओढायला माणूस हजर असावा.