दारू नाही, ‘निस्ती बिअर’!

मे महिन्यातली सकाळ. अकोल्याचे एक पन्नाशीचे गृहस्थ लग्नासाठी अमरावतीला आले होते. त्यांना नातेवाईकांनी धरून दवाखान्यात आणलं. अंग घामानं भिजलेलं, बोलणं अडखळत. “रात्रीची उतरली नाही अजून, म्हणून झोपू दिलं,” असं सोबतचे सांगत होते. ग्लुकोमीटर लावलं तर साखर ४८! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत ते उठून बसले. आणखी दोन तास ‘झोपू दिलं’ असतं, तर काय झालं असतं याचा विचार आजही नकोसा वाटतो.

मधुमेहासाठी ते ग्लिमेपिराइडची गोळी घेत होते. जुन्या कागदावर ‘दारू : नाही’ अशी नोंद होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “दारू नाई पेत मी डॉक्टरसाहेब, निस्ती बिअर हाये. अन् बिअर पेल्यानं खडा पडते म्हनतात ना!” रात्री स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या, जेवण मात्र राहून गेलं होतं.

हिशोब मांडून पाहू

आपल्याकडे ५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या बिअरला स्ट्राँग म्हणतात. बाटली ६५० मिलीची. ८ टक्के धरले तर एका बाटलीत ५२ मिली, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये असतं सुमारे १० ग्रॅम.

म्हणजे स्ट्राँगची एक बाटली = चार छोटे पेग. दोन बाटल्या = आठ! ‘मी आठ पेग घेतले’ असं सांगायला माणूस कचरतो, ‘दोन बिअर’ मात्र सहज सांगतो. यकृताला हा फरक कळत नाही. ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. दोन बाटल्यांसाठी त्याला आठ ते बारा तास लागतात. त्या काळात त्याचं नवी साखर तयार करण्याचं काम मंदावतं. त्यात पोट रिकामं आणि वर साखर उतरवणारी गोळी, म्हणून ४८.

जाणकार कसे चाखतात?

पुण्यात २००९मध्ये डूलाली सुरू झाली आणि मायक्रोब्रुअरी हा शब्द आपल्या कानावर पडू लागला. आता पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपली मुलं सुट्टीत घरी आली की इम्पीरियल स्टाउट, बार्ली वाइन अशी नावं घेतात. परदेशात या बिअर १० टक्क्यांच्या वरही जातात.

माझ्या भाच्यानं एकदा मला ‘चाखायला’ बसवलं. लहान ग्लासात जेमतेम ९० मिली. आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा : भाजलेली कॉफी, काळा गूळ, मनुका. मग एक घोट, तोंडात फिरवून. गोडवा आणि कडवटपणा यांचा तोल आहे का? गिळल्यावर घशात नुसती ऊब येते की जळजळ होते? आणि बिअर बर्फासारखी गार नको, कारण गारठ्यात चव कळत नाही. अर्ध्या तासात आमचा तो ग्लासही संपला नव्हता.

त्यात एक गोष्ट लक्षात आली. दाट, गोडसर बिअरमध्ये अल्कोहोलची जळजळ जाणवली नाही तर जाणकार ती उत्तम मानतो. पण घटाघटा पिणाऱ्यासाठी हाच गुण धोक्याचा, कारण जीभ ‘पुरे’ म्हणतच नाही. आपल्याकडे हे काम बर्फ करतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात चिल्ड बाटली सरबतासारखी उतरते आणि चार पेग पोटात गेल्याचं कळतही नाही.

आणि तो खडा?

लहान खडे बहुतेकदा आपोआप पडतात, श्रेय मात्र बिअरला मिळतं. बिअरनं लघवी जास्त होते हे खरं, पण अल्कोहोल शरीरातलं पाणीही बाहेर काढतं. आपल्या उन्हाळ्यात हे परवडणारं नाही. शिवाय बिअरनं युरिक अ‍ॅसिड वाढतं. खड्यासाठी पाणी प्या, लघवी जवळजवळ पाण्यासारखी होईल इतकं.

माझं मत

चूक त्या गृहस्थांची एकट्याची नाही. आम्ही डॉक्टर ‘दारू घेता का?’ एवढंच विचारतो आणि ‘नाही’ लिहून मोकळे होतो. प्रश्न असा हवा : बिअर घेता का? किती टक्क्यांची? किती बाटल्या? मी आता असंच विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारलं, तर तुम्ही आपणहून सांगा.

चवीचा शौक असेल तर जाणकारांचा पेलाही शिका : लहान, सावकाश आणि एकच. तरीही ते औषध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्ये स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. जे घेत नाहीत, त्यांनी खड्यासाठी किंवा उन्हासाठी सुरू करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी दूरच राहावं. रोज भरपूर घेणाऱ्यांनी मात्र एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

आणि एक लक्षात ठेवा. मधुमेही माणूस ‘पिऊन पडलाय’ असं वाटलं, तर झोपू देऊ नका. आधी साखर तपासा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.